माझ्या वतीनं

आत्या, तुम्ही माझ्याशी अबोला धरला होतात आणि तो न सोडताच गेलात. हे काही बरं केलं नाहीत. भांडण अर्धं टाकून उठणं तुमच्या स्वभावात नव्हतं. बांधावरची कटकट असो नाहीतर बाजारातली घासाघीस, शेवटचा शब्द तुमचाच असायचा, आणि तो ऐकवूनच तुम्ही पदर खोचून पुढं निघायचात. माझ्याशीच तेवढं अर्ध्यावर सोडलंत. आता मी कुणाशी भांडू?

तेरावं होऊन गेलं. मांडव निघाला, भाड्याची भांडी परत गेली, पाहुणे पांगले. एवढ्या मोठ्या घरात आम्ही तिघं उरलोय आणि तिघंही एकमेकांकडं बघायचं टाळतोय. मामा ओसरीवर बसून असतात. तुमचा अवि शेताकडं जातो तो जेवायलाच येतो, खाली मान घालून जेवतो आणि परत जातो. मी भाकरी करते, भांडी घासते, शेड झाडते आणि दिवसातून कितीतरी वेळा फोन उघडून तोच मेल वाचते. येणार की नाही ते या शुक्रवारपर्यंत कळवा, त्यानंतर जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला देण्यात येईल. खाली तुमच्या जाण्याबद्दल दुःखही कळवलंय. जपानमधल्या लोकांनी, आत्या. आमच्या कॉलेजच्या सरांनी त्यांना सांगितलं असणार.

आपल्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागले. पहिलं वर्ष तो नुसता रिवाज होता. चहात साखर जास्त पडली म्हणून तुम्ही ओरडायचात आणि मी मनातल्या मनात माहेरची एसटी धरायचे. पुढं तुम्ही मला खरंच आत्या कधी झालात, ते काही लक्षात राहिलं नाही. बहुतेक शेडमध्येच झालात. ऊस मोडून तुम्ही तुती लावायचा हट्ट धरलात, रेशमाच्या अळ्या पाळायला पत्र्याचं शेड उभं केलंत, आणि सकाळ-संध्याकाळ पाला टाकायला आपण दोघीच. घरात आपण सासू-सुना होतो. शेडमध्ये कुणी बघणारं नसायचं.

सगळं सुरू झालं तेही तिथंच. कॉलेजच्या फलकावर नोटीस लागली होती. रेशीम विषय घेतलेल्या एका विद्यार्थ्याला एका सत्रासाठी जपानच्या विद्यापीठात शिकायला जाता येईल, तिकडचा एक इकडं येईल, विमानाचं आणि राहण्याखाण्याचं तेच बघतील. सर वर्गात येऊन अगदी कळवळून सांगत होते, पोरांनो, अर्ज तरी करा, दरवर्षी आपल्याकडून ही जागा रिकामी जाते आणि मग दुसऱ्याच कॉलेजला मिळते. वर्ग हसला. मीही हसले. आमच्यातल्या निम्म्या मुलींना अंबाजोगाईला परीक्षेला जायचं म्हटलं तरी भाऊ नाहीतर नवरा सोबत लागतो, आणि हे जपान म्हणे. संध्याकाळी पाला टाकता टाकता मी तुम्हाला ते गंमत म्हणून सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. हातातला तुतीचा फाटा रॅकवर आपटलात.

“नोटीस कुणासाठी लावतेत गं? भिंतीसाठी?”

“आत्या, माझं लगीन झालंय.”

“मंग? लगीन झालेलीला इमानात घेत न्हाईत का?”

तुम्हाला एवढं का लागलं, ते मला त्या वेळी कळलं नाही. मग तुम्हीच एक दिवस पाल्याच्या गठ्ठ्यावर बसून सांगितलंत. आपल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माजी सरपंचांच्या यादीत तुमचं नाव आहे, सौ. केशरबाई म्हणून, तेलरंगात. पाच वर्षं तुम्ही सरपंच होतात आणि खुर्चीत मामा बसायचे. गाव त्यांनाच सरपंच म्हणायचं, अजूनही म्हणतं. तुम्ही ग्रामपंचायतीत गेलात ते झेंडावंदनाला, आणि तेव्हाही दोरी त्यांनीच ओढली.

“माझ्या वतीनं भाषन ह्यांनी केलं. माझ्या वतीनं बैठकीला ह्येच. एकडाव मुंबईला सत्कार होता सगळ्या बाया सरपंचांचा. तिथंबी माझ्या वतीनं ह्येच गेलते. हार तेवढा माझ्यासाठी घेऊन आले, सुकलेला.”

असं म्हणून तुम्ही इतकं हसलात की मलाही हसू आलं. मग एकदम थांबून म्हणालात, “ज्योते, नोटिशीत तुझ्यासारखीचं नाव लिवलंय. भर अर्ज.”

आत्या, मी अर्ज भरला तो तुमच्या धाकानं. हे मी आज लिहिते आणि त्यात काही खोटं नाही. तुमच्याच धाकानं पासपोर्ट काढला. गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, त्यात किती हेलपाटे झाले ते तुम्हाला माहीत आहे. पडताळणीला हवालदार घरी आले तर ओसरीवर बसून सगळे प्रश्न मामांना विचारत होते. सूनबाई किती शिकली, सूनबाई कशाला चालली, सूनबाईवर काही केस वगैरे? मी दाराआड उभी होते. तुम्ही माझा दंड धरून मला बाहेर ओढलंत आणि त्यांच्यापुढं उभं केलंत. “जाणारी ही हाय. हिला इचारा की.” ते बिचारे ओशाळले. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मला मात्र त्या रात्री फार छान झोप लागली.

मुलाखत फोनवर होती, व्हिडिओची. घरात व्हिडिओपुरती रेंज नाही म्हणून आपण शेडमध्ये बसलो. फोन रॅकला टेकवला, मी पाटावर, आणि तुम्ही फोनच्या मागं उभ्या. पलीकडं एक मॅडम आणि दोन सर. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण अडखळले की तुम्ही मागून हात हलवायचात, बोल, बोल. शेवटी मॅडमनी थँक यू म्हटलं, गुडबाय म्हटलं, आणि माझी पाटी कोरी. निघताना काय म्हणतात? आपल्या घरात ‘जाते’ हा शब्द उंबऱ्यात काढलेला तुम्हाला खपत नव्हता. दुकानात जायचं असलं तरी ‘येते’ म्हणायचं, नाहीतर परत बोलावून म्हणायला लावायचात. त्या सवयीनं तुम्ही मागून दबक्या आवाजात सुरू केलंत, “येते म्हण. अगं, येते म्हण त्यांला.”

मी हात जोडले आणि म्हणाले, “ओके मॅडम, आय ॲम कमिंग.”

आणि फोन तसाच चालू ठेवून बाहेर पळाले. ती तिघं बिचारी रिकाम्या पाटाकडं बघत बसली. मुलगी येते म्हणाली, म्हणजे आत्ता येईल. मी बाहेर हौदावर तोंड धूत होते. शेवटी तुम्ही फोन आणायला गेलात तर ती अजून थांबलेली. तुम्ही पदर सावरून त्यांना नमस्कार केलात आणि स्वच्छ मराठीत सांगितलंत, “ती गेली. येते म्हणली ना मगाशीच.” निवड झाल्याचा मेल आला तेव्हा मॅडमनी खाली एक ओळ लिहिली होती. तुम्ही येते म्हणाला होतात, आम्ही अजून वाट बघतोय. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. घरी येऊन मी तुम्हाला वाचून दाखवली तर तुम्ही हसता हसता रडायलाच लागलात.

इथपर्यंत तुमचे उपकारच उपकार आहेत. इथून पुढं आपलं भांडण आहे.

निवड झाली त्याच आठवड्यात तुम्ही युसूफ वडगावच्या बाजारात बांगड्या भरायला गेला होतात. हसीनाआपाच्या दुकानात हात पुढं करून तुम्ही तिला सांगितलंत की आमची सून जपानला चालली. झालं. हसीनाआपाला सांगितलं म्हणजे अर्ध्या तालुक्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी बसनं कॉलेजला निघाले तर कंडक्टरनंसुद्धा विचारलं, काय ताई, कधी उड्डाण? आणि मी अजून ठरवलंच नव्हतं, आत्या. मी अविशी, माझ्या नवऱ्याशीही नीट बोलले नव्हते. भीती वाटत होती. परक्या मुलखात, परक्या भाषेत, आजारी पडले तर, त्यांचं खाणं पोटात नाही गेलं तर, अवि बदलला तर. जायचं की नाही, हे मला माझं मला एकदा बसून ठरवायचं होतं. घरी येऊन मी तुमच्यावर तापले.

“आत्या, तुमी मला इचारलं का?”

“त्यात काय इचारायचं? चांगलं सोनं पदरात पडतंय.”

“मामांनी माझ्या वतीनं न्हाई म्हणलं काय आन् तुमी माझ्या वतीनं होय म्हणलं काय, माझ्यासाठी एकच हाय. मला दोघांनीबी इचारलं न्हाई.”

तुमचा चेहरा एकदम उतरला. तुम्ही उठून आत गेलात आणि त्या घडीपासून बोलणं बंद. मी समोर उभी असताना तुम्ही अविला म्हणायचात, हिला सांग चहा ठेव. मी म्हणायचे, त्यांना सांगा ठेवलाय. दोघींचाही हेका. मला खात्री होती की अळ्या कोष विणायला लागायच्या आत तुम्ही बोलाल, कारण त्या दिवसांत शेडमध्ये न बोलता कामच होत नाही. आत्या, मी चुकले नव्हते. आजही हेच म्हणेन. पण तुम्हीही चुकला नव्हतात, आणि ते तुम्हाला सांगायला माझ्याकडं वेळ आहे असं मला वाटत होतं.

त्या सकाळी पाल्याचा भारा डोक्यावरून उतरवताना तुमच्या छातीत कळ आली. अविनं गाडी काढली. ती केजच्या दवाखान्यापर्यंतही पोचली नाही, वाटेतच तुम्ही गेलात. परत आणलं तेव्हा अंगणात बाया जमल्या, कुणी माझा हात धरला, कुणी मला रडवायला बघत होतं, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, अळ्या उपाशी आहेत. तुमची बॅच. कोष करायच्या आधीच्या शेवटच्या भुकेला आलेली. त्यांना काय कळतं सुतक? मी उठले आणि शेडमध्ये गेले. तुम्ही आणलेला भारा दारातच पडला होता. तोच फोडून रॅकवर पसरला. एकेका रॅकशी जायचे आणि तुमच्या नावानं हंबरडा फोडायचे, आणि हात पाला टाकत राहायचे. बाहेर बोललं गेलंच. “सासू अंगणात निजलीय आन् सून किडे चारायलीय.” बोलू दे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी पाला टाक, मंग रड.

आता कोष झालेत, पांढरेशुभ्र. काढून ठेवलेत. त्यांना बघायला तुम्ही नाही.

दुखवट्याला किती माणसं येऊन गेली. मामांमुळं पुढारी आले, तुमच्यामुळं बाया आल्या. हसीनाआपा आली, भिंतीला टेकून बसली, एकदाच म्हणाली, “कायकू गई गे बाई, इत्ती जल्दी,” आणि पदरानं डोळे पुसून उठली. सगळे असेच उठायचे. दोन घोट पाणी पिऊन, मान हलवून, काही न बोलता चपला घालायचे. मयताच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पुन्हा अशा कामाला यायला नको म्हणून. पण इतके दिवस तो शब्द कानावरच पडला नाही तेव्हा मला घरात कोंडल्यासारखं व्हायला लागलं. माणसं येतायत, माणसं जातायत, आणि परत येईन असं कुणीच म्हणत नाही.

आणि मग मला माझं सुचलं. तुमचं वर्षश्राद्ध व्हायचं आहे. त्याआधी मी या घरातून निघाले तर काय म्हणून निघू? येते म्हणायचं नाही, तो शब्द या उंबऱ्यावर सध्या बंद आहे. जाते तर कधीच म्हणायचं नाही. मग काय, दुखवट्याला आलेल्या पाहुणीसारखं माझ्याच घरातून मुकाट चपला घालून चालू लागायचं? विचारलं असतं तर तुम्ही एका वाक्यात सोडवलं असतंत. मी दुसऱ्या कुणाला विचारू? आईला फोन केला तर ती म्हणाली, “बाई, आता घर तुझ्या अंगावर हाय. सासरचे म्हणतेल तसं कर.” अवि शेडमध्ये असला की म्हणतो, तू म्हणशील तसं. ओसरीवर आला की वडलांकडं बघून म्हणतो, दादा म्हणतील तसं. मधल्या अंगणात तो कुणाचा असतो, कोण जाणे.

मला फार एकटं वाटतं, आत्या. तुमच्या धाकानं मी इथवर आले आणि धाकच निघून गेला. तुम्ही होतात तेव्हा मी सुखानं म्हणू शकत होते की मला कुणी विचारलं नाही. कारण मी नाही म्हणाले तरी तुम्ही ढकलणार, हे मला ठाऊक होतं. आता ढकलायला कुणी नाही आणि थांबवायला अख्खं गाव आहे.

काल सर आले होते. गुरुवार म्हणून मुद्दाम आले, एक दिवस हातात आहे म्हणून. ओसरीवर मामा, तुमचे थोरले दीर आणि सर. अवि खांबाला टेकून. मी आत चहा गाळत होते आणि सरांचा आवाज ऐकू आला, “उद्या शेवटचा दिवस आहे. ज्योतीचं काय ठरलं?”

मामा म्हणाले, “न्हाई जायची ती. तिनंच सांगितलं मला. म्हणली, आत्या गेल्या, आता घर कोण बगल. पोरगी लई शहाणी हाय.”

मी त्यांच्याशी या विषयावर एक शब्दही बोलले नव्हते. एक शब्दही नाही. मामा खोटं बोलत होते असंही मला वाटत नाही. त्यांना खरंच वाटत असणार की मी तसं म्हणाले. आयुष्यभर घरातल्या बायांच्या वतीनं बोललेल्या माणसाला बाई कधी बोलली आणि कधी नाही, हे आठवायचं कशाला?

मी ट्रे घेऊन बाहेर आले. तो खालीच ठेवला.

“मामा, मी असं म्हणले न्हाई.”

थोरले दीर म्हणाले, “मंग काय म्हणलीस?”

“काहीच न्हाई म्हणले. मला कुणी इचारलंच न्हाई.”

सर कपाकडं बघायला लागले. अवि खांबापासून सरळ झाला. मामांनी माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याकडं असं सरळ कधी बघितलं नव्हतं.

“बरं,” ते म्हणाले. “इचारतो. जायचंय तुला?”

आत्या, मला वाटलं होतं की हा प्रश्न आला की छातीवरचा दगड उतरेल. उलटंच झालं. किती दिवस मी या प्रश्नासाठी भांडले, तुमच्याशी भांडले, आणि तो आला तेव्हा मागं उभं राहून हात हलवायला कुणी नव्हतं. भीती सगळी होती तशीच होती. तरी मी म्हणाले, “व्हय. जायचंय.” आवाज इतका बारीक निघाला की थोरल्यांनी, काय म्हणली, असं विचारलं, आणि मला ते परत सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जरा नीट निघाला.

मला वाटलं, आता मामा ओरडतील. वर्षाचं काढतील, लोक काढतील, घराण्याचं नाव काढतील. सगळ्याला उत्तरं मी तयार ठेवली होती. पण ते ओरडले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि ती चुरगाळत बसले. मग सरांना नाही, मला नाही, समोरच्या अंगणाला म्हणाले,

“तुला इचारायला पायजे होतं, ठीक हाय. पण मला तरी कोण इचारलं? ती गेली, तवा मला इचारलं का तिनं?”

आणि ते रडायला लागले. तेराव्यापर्यंत ज्या माणसाच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, तो चार माणसांत तोंड उघडं टाकून रडला. अविनं पुढं होऊन त्यांना धरलं. तुमच्या वतीनं काहीतरी सांगता आलं असतं, तुम्ही त्यांना किती सांभाळून घ्यायचात, राग आला तरी ताट पहिलं त्यांचंच वाढायचात, असं काहीही. ते ऐकायलाच ते बसले होते. पण तुमच्या वतीनं बोलायचं माझ्या तोंडाला आलं नाही, आत्या. ते काम या ओसरीवर पुरेसं झालंय.

मी आत गेले आणि फोन उघडला. मामा बाहेर रडत होते आणि मी आत होकार लिहीत होते, आणि दोन्हींतलं काहीच मला थांबवता येईना.